मॅट्रिकला भाकरी

॥ श्री ॥

धुळे, ता. १४ जुलै १९१८

तीर्थस्वरूप अभिमन दाजी यांच्या सेवेशी,

तोतारामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. चि. शालिग्राम मजेत आहे. तुमचा मुलगा आणि माझा भाचा असूनही तो अभ्यास करतो, याचं आमच्या हेडमास्तरांना नवल वाटतं. मला वाटत नाही. तो शेवंताअक्कावर गेला आहे.

पुढल्या मार्चात मॅट्रिक झाली म्हणजे कॉलेजचं कसं काय, आणि मामा व मास्तर अशा दोन्ही नात्यांनी मी कोणती तयारी करून घेतली, असं तुम्ही विचारलंत. तर इंग्रजी बरं आहे. बीजगणित चांगलं आहे. इतिहासात सगळे राजे त्याला एकाच घराण्यातले वाटतात; पण पेपर तपासणाऱ्यांनाही बहुधा तसंच वाटत असावं, म्हणून मी फारसा घाबरत नाही.

घोळ आहे तो कॉलेजात शिकायचं काय याचा. तुमच्या मते वकिली, कारण चुलतभावाशी बांधाचा दावा अजून चालू आहे. ते चुलतभाऊ, रुपचंदभाऊ, स्वतःच म्हणतात मामलेदार, म्हणजे दाव्याचीच गरज नाही. अक्का म्हणते डॉक्टर, कारण तिचे गुडघे दुखतात. ज्याने त्याने आपापलं दुखणं सांगितलं, पोराला कोणी विचारलं नाही. मी विचारलं. तो म्हणाला शेतकी कॉलेज. आता तुम्ही हसाल, की नांगर धरायला पुण्याला कशाला जायचं? त्याचं म्हणणं असं, की ऐन बोंडं भरताना कपाशी लाल का पडते हे आबांनाही ठाऊक नाही आणि मामांनाही नाही. दोघांबद्दलही मला ते खरं वाटलं.

पुण्यात आपल्या लोकांचं बोर्डिंग आहे, तिथे आतापासून लिहून पाहिलं. जागा भरल्या आहेत आणि वाट पाहणारे आणखी आहेत, असं उत्तर आलं. तेव्हा खोली घ्यावी लागेल. जेवणाखाणाचं काय, ही काळजी करू नये. त्या विषयाची तयारी मी घरात पुष्पाकडे सोपवली आहे आणि ती माझ्यापेक्षा कडक मास्तर आहे.

तुमचा लोभ आहेच. तो काही पाऊस नव्हे, की यंदा दडी मारील.

तुमचा,
तोताराम


॥ श्री ॥

मुक्काम जळगाव, ता. २ सप्टेंबर १९१८

राजमान्य राजेश्री तोताराम मास्तर, धुळे, यांसी अभिमन पाटील, एरंडोलकर, यांचा रामराम विनंती विशेष.

पोळ्यासाठी झुली आणि गोंडे घ्यायला म्हणून जळगावला आलो. पाऊस नाही, बैलांना चारा नाही. निदान अंगावर झूल तरी असावी. इथे सराफाच्या ओट्यावर रुपचंद भेटला. बैल पाहायला तो धुळ्याला गेला होता, तसा पुतण्यालाही भेटून आला म्हणे. त्याने काय पाहिलं ते त्याने सराफासमोर, सराफाच्या गिऱ्हाइकांसमोर आणि रस्त्याने जाणाऱ्यांसमोर सांगितलं. ते असं, की मास्तर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, मास्तरीणबाई शेंगा सोलत होत्या, आणि पाटलाचा पोरगा उकिडवा बसून कोपरापर्यंत पिठात बुडाला होता.

मी ओट्यावरून उठून दाणाबाजारापर्यंत चालत गेलो, तर गोष्ट माझ्या आधी पोचलेली. तिथे ती अशी झाली होती, की पोरगा मास्तरांची धोतरं धुतो. चहाला बसलो, तर तो झाडूही मारत होता.

श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना, शालिग्राम घरी आला होता. सारखा आईजवळ बसून विचारत होता, की पिठात पाणी किती घालायचं आणि जाळ कधी ओढायचा. मला वाटलं, पोराला आईची माया आली. आता कळलं, की तो तुमच्या घरच्या नोकरीची उजळणी करत होता.

आपल्याला गडी हवा होता तर तसं लिहायचं होतं, मी वना सालदाराला पाठवला असता. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणा पुरुषाने काठवटीला हात लावलेला नाही. पोराला शिकायला पाठवलं, थापायला नाही. दसऱ्याआधी येऊन त्याला घेऊन जाईन म्हणतो. मॅट्रिक झाली नाही तरी चालेल, हसं व्हायला नको.

लोभ होता. पुढे असावा की नसावा, ते आपल्या उत्तरावर पाहू.

अभिमन पाटील


॥ श्री ॥

धुळे, ता. ८ सप्टेंबर १९१८

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं 'राजमान्य राजेश्री' पोचलं. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

रुपचंदभाऊंची साक्ष बरीचशी खरी आहे. मी खुर्चीत होतो, हातात वर्तमानपत्र होतं आणि शालिग्रामचे हात पिठात होते. सांगायचं राहिलं ते एवढंच, की त्या पिठाच्या भाकरी रुपचंदभाऊंनीच खाल्ल्या, ठेच्याशी, आणि वर आणखी एक मागून घेतली. माझं धोतर मात्र मीच धुतो. हवं तर पुष्पाची साक्ष काढा.

आता कारण सांगतो. मी पुण्याला कॉलेजात वर्षभर होतो आणि शिक्षण सोडून परत आलो, हे तुम्हांला माहीत आहे. घरात त्याचं कारण 'हवा मानवली नाही' असं सांगतात. हवा फार चांगली होती. खाणावळीत मी महिन्याचे पैसे भरले. मालकाने आडनाव विचारलं आणि माझं पान पडवीत मांडलं, मोरीच्या अलीकडे. वाढपी कमरेत न वाकता वरूनच टाकायचा; भात पानात पडला तर माझा, बाहेर पडला तर कावळ्याचा. सणावारी सोवळं असायचं, त्या दिवशी पडवीतलं पानही नाही. पैसे मात्र सणाचेही घेत. एक दिवस मी भरल्या पानावरून उठलो आणि परत त्या दारात गेलो नाही. मोठा बाणेदारपणा केला. बाणेदारपणा दुपारी केला, तरी संध्याकाळी भूक लागतेच, हे मला कुठल्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं. भूमितीचे सिद्धांत तोंडपाठ होते, चूल पेटवता येत नव्हती. चहा, फुटाणे आणि केळी यांवर मी उरलेलं वर्ष ढकललं. परीक्षेच्या आधी पोटानेच माझा निकाल लावला. पदवीऐवजी औषधाची बाटली घेऊन उतरलो, तेव्हा स्टेशनावर तुम्हीच बैलगाडी घेऊन आला होता. मी तुम्हांला 'हवा' म्हणालो. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आपल्याकडची आणखीही पोरं तिथे होती. त्यातली बरीचशी नापास झाली, पण पेपरात नव्हे, पोटात.

तेव्हा या मुलाला मी सगळे विषय शिकवावे आणि नेमका हा सोडावा, तर मी मास्तर कसला? बोर्डिंगात जागा नाही, खाणावळीची पडवी मी त्याला दाखवणार नाही. खोलीवाले चुलीचा धूर चालू देत नाहीत, म्हणून तो शेगडीवर शिकतो आहे. प्रगती पालकांस कळवतो. मळणं बरं. थापणं काठवटीबाहेर जातं. फुगणं अनियमित. वरण पास. भात दोनदा नापास, पण मुलगा चिकाटीचा आहे.

दसऱ्याआधी न्यायला यायचं असलं तर जरूर या. फक्त जेवायची वेळ साधून या.

लोभ उत्तरावर ठेवला होता. उत्तर पाठवलं आहे.

तुमचा,
तोताराम


॥ श्री ॥

एरंडोल, ता. ६ ऑक्टोबर १९१८

तीर्थस्वरूप मामांस कुंदाचा साष्टांग नमस्कार.

पत्र आईचं आहे, अक्षर माझं आहे. शाळेतले गुरुजी म्हणतात पत्र शुद्ध लिहावं. आई म्हणते, मी बोलस तशीच लिख. म्हणून यातलं काही शुद्ध आहे आणि काही आईचं आहे.

आबांनी तुमचं पत्र पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, आम्हांला तुमची खोड कळावी म्हणून. खाणावळीपाशी आल्यावर ते मनातल्या मनात वाचू लागले. मग घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि न जेवता शेतात गेले. धुळ्याला यायची गोष्ट त्यानंतर त्यांनी काढलेली नाही.

आई म्हणते, की भाऊ पुण्याहून आला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या, आणि मी मेली हवेला शिव्या देत त्याला ताकभात भरवत होते. खरं सांगितलं असतंस तर शिव्या तरी नीट जागी पडल्या असत्या.

पण आईला जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आला आहे. ती म्हणते, पुष्पावहिनी गुणाची आहे, पण तिच्या भाकरीवर ती एवढं लोणी घालते ते भाकरी दिसू नये म्हणून. मना पोऱ्याले भाकर शिकाडाले मी काय मरी गऊ का? दिवाईले धाडी दे, मी शिकाडसू. दिवाळीला दादाला धाडा, ती शिकवील, हे तिने मला दोनदा लिहायला सांगितलं, मी एकदा लिहिलं आहे.

तिला त्याला कळण्याची भाकरी शिकवायची आहे. ज्वारी किती, उडीद किती, मीठ किती, ते मी विचारलं, कारण लिहून पाठवलं तर दादाला सोपं जाईल. आई म्हणाली, ते सांगता येत नाही, हाताला कळतं, आणि हात टपालाने जात नाहीत. म्हणून पोराला पाठवा. पुण्याच्या शेगडीवर कळण्याची भाकरी फुगली, तर आपण कुठे आहोत हे तो दोन घटका विसरेल, असं ती म्हणते.

मामींना नमस्कार सांगा आणि लोण्याचं सांगू नका. हेही आईच म्हणते.

तुमची माया आमच्यावर आहे तशीच पातळ न होता राहावी.

तुमची अक्का, हस्ते कुंदा

ता. क. हे माझं आहे. गावात ताप आला आहे. गुरुजी आजारी पडले म्हणून शाळा बंद आहे, म्हणून मला एवढं लांब पत्र लिहायला वेळ मिळाला. मी चौथीत आहे. दादा कॉलेजात गेला म्हणजे त्याची जुनी पुस्तकं मला मिळतील का, ते त्याला विचारा.


एरंडोल, ता. ९ नोव्हेंबर १९१८

चि. तोताराम यास अभिमनचे आशीर्वाद.

वर श्री घातलेला नाही आणि पत्राचा कोपरा फाडला आहे. तुला वेगळं सांगायला नको.

तापाच्या या साथीला लोक मानमोडी म्हणतात. आधी मान आखडते, मग ताप चढतो, मग श्वास लागतो. दसऱ्यानंतर गावात एकही घर सुटलं नाही. शालिग्राम आला तेव्हा तुझी अक्का चांगली होती. चार दिवस दोघं चुलीपुढे बसून हसत होती. त्याने थापायचं, हिने मोडायचं, परत थापायला लावायचं. मी ओट्यावरून ऐकत होतो, अडवलं नाही. मग मी पडलो, मागून कुंदा पडली, मग ती.

उठता येणारा एकटा शालिग्रामच उरला. पाणी भरायला, पेज करायला, डोक्यावर पट्ट्या ठेवायला तोच. भाऊबंदांत कुणी कुणाच्या घरी जाऊ शकत नव्हतं, सगळीच आडवी. रुपचंदच्या घरीही चूल पेटली नव्हती. आपला त्याच्याशी बांधाचा वाद, पण पोरगा न विचारता तिथेही पेजेची तपेली ठेवून येई. रुपचंदने ती खाली मान घालून प्यायली, असं त्याची बायको कमलबाई सांगत होती.

शेवटच्या दिवशी तिला जरा हुशारी वाटली. म्हणाली, भाकर खाईन. त्याने कळण्याची केली. तिने पाव भाकर दुधाबरोबर खाल्ली. बोटाने कड चाचपून पाहिली आणि म्हणाली, की कड जाड राहिली रे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तुम्ही येऊ नका. तुझीही तब्येत बरी नाही, असं शालिग्राम म्हणतो.

अभिमन


॥ श्री ॥

धुळे, ता. १५ डिसेंबर १९१८

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी अंथरुणात होतो. पुष्पाने कोपरा पाहून ते दोन दिवस उशाखाली दाबून ठेवलं, मग दिलं. दशक्रियेला येता आलं नाही. सुतक फिटल्यावर गंधमुक्तीलाही आलो नाही. तुमच्या दारावर येऊन मुकाट बसणं एवढंच माझं काम होतं, तेही झालं नाही.

माझी जीभ तुम्ही ओळखता. ती सध्या काही उपयोगाची नाही.

तिने त्याला दिवाळीला मागितलं आणि मी पाठवलं. इथेही ताप होताच, तिथे कमी असेल असं वाटलं होतं. ते बरं केलं की वाईट, याचा हिशेब मला लागत नाही. तिच्या हातून तो चार दिवस शिकला, एवढं धरून बसलो आहे.

वच्छलाबाई वैशाखात आखाजीपर्यंत तुमच्याकडे राहायला आल्या, हे शालिग्रामच्या पत्रातून कळलं. तुमच्या बहिणीचे उपकार मोठे. त्या आहेत तोवर पोराला इकडे पाठवा. मार्च जवळ आला. तो यायचं म्हणणार नाही, तुम्हांलाच पाठवावं लागेल. अक्का असती तर तिने त्याला कान धरून गाडीत बसवलं असतं. तो कान आता तुमच्याकडे आहे.

तब्येतीला जपा. माझ्यावर रागावायचं राहिलं असेल तर तेही भेटीत उरकू, पण लोभ आता तुटू देऊ नका. धरायला दुसरं फारसं उरलं नाही.

तुमचा,
तोताराम


॥ श्री ॥

एरंडोल, ता. ४ जून १९१९

चि. तोताराम यास अनेक आशीर्वाद.

निकाल तुला आमच्या आधी कळला असेल. शालिग्राम पास झाला. गावात साखर वाटली. वाटताना प्रत्येक दारात बायकांनी एकच म्हटलं, की ती असती तर. मी पुढच्या दारात जाई आणि तेच परत ऐकत असे.

आता जे लिहितो ते वाचून संतापू नकोस. कॉलेजचं आता जमेल असं दिसत नाही.

आखाजी झाली तशी वच्छलाअक्का गेली. तिच्या लेकीचं बाळंतपण आहे, तिला थांब कसं म्हणू? तेव्हापासून चूल शालिग्रामकडे आहे. सकाळी भाकरी करून मग शेतात येतो, संध्याकाळी परत तेच. स्वयंपाकीण ठेवावी, तर आपल्या जातीतली या कामाला मिळत नाही आणि दुसरीच्या हातचं भाऊबंद खाऊ देत नाहीत. कमलबाईने भाकरी पाठवीन म्हटलं, पण बांधाचा निकाल लागेपर्यंत त्या घरची भाकरी खाल्ली तर कोर्टात आपली बाजू लंगडी पडते, असं वकील म्हणतो.

दावा चालू असला तरी रुपचंदनेच स्थळ आणलं आहे. पारोळ्याचं घर, मुलगी बारा वर्षांची, हात कामाला चांगला म्हणतात. आईमागे वर्षाच्या आत लग्न केलं तर ठीक, नाहीतर तीन वर्षं थांबा. म्हणजे याच मोसमात उरकायला हवं. मग घराला बाईमाणूस होईल. पण एकदा लग्न झालं, की मुलगा कॉलेजात आणि सून घरी, हे मुलीकडच्यांना चालत नाही.

शालिग्रामला विचारलं. तो म्हणाला, मला जायचं नाही. वर मान न करता म्हणाला, हातात पीठ होतं.

तूच त्याला शिकवलंस. आता त्याच्याशिवाय आमच्याकडे चूल पेटत नाही, याला मी काय करू?

उत्तरात काय ऐकावं लागेल ते ठाऊक आहे. तरी लोभ धरून ऐकवावं.

अभिमन


॥ श्री ॥

धुळे, ता. ७ जून १९१९

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

माझी जीभ परत आली आहे. तुमच्याच पत्राने आली, तेव्हा दोष तुमचाच.

मी या मुलाला कॉलेजसाठी तयार केलं आणि इतकं चांगलं तयार केलं, की तो घरालाच लागला. मास्तरकीत असा निकाल आजवर कुणाचा लागला नसेल.

दाजी, अक्काने तुमच्या घरात आयुष्यभर भाकरी थापल्या. तेव्हा ते काम कुणाला दिसलंही नाही. दुपारी भाकरी ताटात असे, जसं विहिरीत पाणी असतं. आता ती गेल्यावर तेच काम एवढं मोठं निघालं, की त्यात एक कॉलेज घातलं तरी पुरत नाही, वर पारोळ्याची एक बारा वर्षांची पोरही घालावी लागते. त्या पोरीलाही आई असेल. तिलाही कुणीतरी कड जाड राहिली म्हणून अजून शिकवत असेल. रुपचंदभाऊंना घरात सून हवी आहे की मोलाशिवायची स्वयंपाकीण, ते त्यांनी एकदा मुलीकडच्यांना उघड सांगावं. मग बघू हात कामाला चांगला आहे म्हणून कोण पोर देतं ते.

दुसरा एक उपाय तुमच्या मनात यायच्या आत सांगून ठेवतो, की चुलीला कुंदा नाही. तिचं अक्षर माझ्या निम्म्या वर्गापेक्षा चांगलं आहे आणि ती पुस्तकं मागते आहे, परकर नव्हे.

शालिग्राम 'मला जायचं नाही' म्हणाला, असं तुम्ही लिहिता. तो ते कोणत्या तोंडाने म्हणाला हे मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. त्याच तोंडाने मी तुम्हांला बैलगाडीत 'हवा मानवली नाही' म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत. या वेळी विचारा.

तसे तुमच्या घरात आणखी दोन धडधाकट हात रिकामे आहेत. पण ते पाटलाचे आहेत, आणि सात पिढ्यांत पाटलाने काठवटीला हात लावला नाही, असं तुमचं वचन माझ्याकडे तुमच्या सहीनिशी आहे. तेव्हा तसलं काही मी सुचवत नाही. सुचवलेलं नाही, एवढं कृपा करून ध्यानात असू द्यावं.

कॉलेज वीस तारखेच्या सुमाराला उघडतं. पुण्याची खोली मी ठरवून ठेवली आहे आणि शेगडीही घेतली आहे. दोन्ही वाट पाहतील, पण फार नाही.

लोभ आहे म्हणून इतकं बोललो. नसता तर साखर मिळाली, एवढंच लिहिलं असतं.

तुमचा,
तोताराम


॥ श्री ॥

एरंडोल, ता. २४ जून १९१९

चि. तोताराम यास अभिमनचे अनेक आशीर्वाद.

तू जे सुचवलं नाहीस ते मी वाचलं.

दोन दिवस राग धरला. तिसऱ्या दिवशी शालिग्रामला जवळ बसवून विचारलं, तुला खरंच जायचं नाही का? त्याने जाळ सारला. मग म्हणाला, की आबा, मी गेलो तर तुम्ही खाल काय? मी विचारलं होतं एक आणि तो बोलला दुसरंच. तेवढ्यावरून मला काय ते कळलं.

मग पुढचं दार लावून घेतलं आणि काठवटीपुढे बसलो. पहिल्या दिवशी पीठ हाताला चिकटलं, मिशांना चिकटलं, सगळीकडे चिकटलं. तव्यावर काही गेलं नाही. पोरगा मास्तर म्हणून तुझ्या वळणावर गेला आहे. हसत नाही, नुसतं मोडतो आणि म्हणतो, पुन्हा. शेतात औत धरलं तर चाळीस वर्षं मातीत रेघेसारखा सरळ तास निघाला, आणि इथे एक वीतभर गोल निघेना. तुझी अक्का हे रोज दोन वेळा करत होती आणि मधे माझ्याशी बोलतही होती.

दार लावलेलं पाहून गावात चर्चा झाली असावी. रुपचंद पारोळ्याच्या मंडळींना घेऊन मागच्या दाराने आला. मुलगा पाहायचा होता. दिसला मुलाचा बाप, चुलीपुढे, हात पिठात. ज्या घरात सासराच भाकरी थापतो तिथे आमच्या मुलीचा काय मान, असं म्हणून ती माणसं पाणी न घेता उठली. रुपचंद मला बोलायला लागला. मी म्हटलं, मानमोडीत ज्याच्या हातची पेज तू प्यायलास, त्याचाच मी चेला आहे. बस, भाकर होते आहे. तो बसला नाही, आल्या दाराने परत गेला. आता ही गोष्ट जळगावच्या सराफओट्यावर गेली असेल. जाऊ दे. मी तर म्हणतो, दाणाबाजारापर्यंत पोचताना मी धोतरंही धुवायला लागलो असेन.

जायच्या आदल्या दिवशी शालिग्रामने माझी परीक्षा घेतली. कुंदाला लांब बसवलं, मदत नको म्हणून. भाकर तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यासमोर धरली आणि ती टम्म फुगली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने भाकर हातात घेतली, बोटाने कड चाचपली आणि म्हणाला, आबा, कड जाड राहिली. मग तो उठला आणि ट्रंक भरायला लागला. आईचा तवा त्याला दिला. काठवट आम्हांला राहिली.

जळगावच्या स्टेशनावर गाडीत बसवून आलो. गर्दीत त्याने खिडकीतून ओरडून विचारलं, की मीठ कधी घालायचं? मी ओरडून सांगितलं. लोक बघत होते.

तू काळजी करू नकोस आणि त्यालाही करू देऊ नकोस. आता आमच्याकडे रोज भाकरी फुगतात, दोन्ही वेळा. कुंदा नियमाने शाळेत जाते.

पुष्पाबाईंना नमस्कार. लोभ तू म्हणतोस तसा आहेच. इथून पुढे तो जेवायला येऊन दाखवावा.

तुझा,
अभिमन

ता. क. मामा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन आबा मळ्यात गेले आहेत, म्हणून हे मी लिहिते. परीक्षेच्या दिवशी फुगली ती एकच. त्याच्या आधी फुगली नव्हती आणि नंतरही फुगलेली नाही. आजची नव्या तव्यावरून उलथन्याने खरवडून काढली. आम्ही त्या भाकरी दुधात कुस्करून खातो. आबा रोज विचारतात, कशी झाली ग? मी म्हणते, कड जाड राहिली. मग ते संध्याकाळी पुन्हा करतात. दादाला यातलं काही कळवू नका. तो परत येईल. — कुंदा